मधूच्या बंड्या

हे लिहायचं मी वीस वर्षं टाळलं. टाळायला कारणं मिळत गेली. आधी मधूची मुलगी शिकत होती, मग तिचं लग्न व्हायचं होतं, मग आमची आत्या जिवंत होती. मागच्या मार्गशीर्षात मधूची बायको शालिनी गेली. ज्या माणसाला हे सांगायला हवं होतं तेच राहिलं नाही, आणि आता मी कागद घेऊन बसलोय. याला धैर्य म्हणत नाहीत, एवढं मला कळतं.

मी शिंपी आहे. बऱ्हाणपुरात सिंधीपुऱ्यात खाली दुकान, वर घर. वय शहात्तर. मधू माझा धाकटा भाऊ, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, त्यामुळे त्याला मीच वाढवला. तो मला दादा म्हणायचा, बाकी सगळे अण्णा म्हणतात.

पुरुषांच्या छातीला सूज येते, बायकांसारखा उभार येतो, त्याबद्दल हे आहे. हा आजार मधूला होता, पुढे मलाही झाला. माझा बरा झाला. मधू का गेला ते सांगतो.

*

मधू पंधरा वर्षांचा होता. श्रावणातला सोमवार, राजघाटावर गर्दी. मी अंघोळ उरकून पायऱ्यांवर धोतर पिळत होतो. आळीतली पोरं पाण्यात होती. मधू सदरा काढून उतरला तसा त्यांच्यातला एक ओरडला, "अरे मध्या, उद्यापासून पोलकं घालून येत जा."

सगळे हसले. मधूपण हसला. मग तो गळ्यापर्यंत पाण्यात गेला आणि पोरं निघून जाईपर्यंत बाहेर आला नाही. ओठ निळे पडले होते. वर आल्यावर ओला सदरा अंगात घालूनच घरी चालत आला.

घरी मी म्हटलं, "काढ बघू सदरा."

"राहू दे ना दादा."

"काढ म्हणतो ना."

दोन्ही बाजू फुगल्या होत्या. बोंडाच्या खाली बोट लावलं तर कोटाच्या बटणाएवढी कडक चकती लागली. दुखतं म्हणाला. मी त्याला उजेडात उभा केला, पुढून पाहिलं, बाजूनं पाहिलं, आणि गळ्यातली टेप काढून माप घेतलं.

तेव्हा माझ्या डोक्यात डॉक्टर आलाच नाही. आमच्या धंद्यात माणसाचं अंग असंच पाहतात. एक खांदा उतरलेला असेल तर आत पॅड घालायचा, पोट सुटलेलं असेल तर पुढचा पल्ला जरा लांब कापायचा, पाठीला कुबड असेल तर मागं कापड जास्त धरायचं. अंगातली खोड कपड्यानं झाकता आली की गिऱ्हाईक खूश, आणि आपणही. तीच नजर मी भावाकडे लावली.

दुहेरी मांजरपाटाची बंडी शिवली. पुढं एकही शिवण नाही, डाव्या कुशीला सहा बंद. ती घालून बंद ओढून बांधले की छाती सपाट. वरून दोन झाकणदार खिशांचा सदरा. मधू आरशासमोर उभा राहिला, बाजूनं वळला, हात फिरवला.

"दादा, सपाट," तो म्हणाला.

तो ताठ चालायला लागला. मी आयुष्यात हजारो कपडे शिवले असतील, पण त्या बंडीइतका आनंद मला कुठल्याच कपड्यानं दिला नव्हता.

*

नियम मीच घालून दिले. बंडी घरी दोरीवर टाकायची नाही. दुकानाच्या मागं बोळ आहे, तिथं वाळत घालायची. वर्षाला दोन नव्या, एक पाडव्याला, एक दिवाळीला. सदरा गडद रंगाचा किंवा बारीक चौकड्यांचा, पांढरा कधीच नाही. मधूनं हे सगळं तीस वर्षं पाळलं. उन्हाळ्यात काखेत घामोळ्या उठायच्या, बंदांचे वळ पडायचे. मी तिथं मलमल लावून द्यायचो.

त्याच्या लग्नात हळदीच्या वेळी बायका बनियान ओढायला लागल्या. मी मधे पडलो. म्हटलं, त्याच्या अंगावर पुरळ आहे, हातापायाला लावा फक्त. कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मला तेव्हा वाटलं, वाचवला.

शालिनी रावेरकडची, केळीवाल्यांच्या घरची. स्वयंपाकघरात तिचं हसणं रस्त्यावर ऐकू यायचं. पण माझ्यासमोर डोक्यावर पदर, कपाळापर्यंत. आमच्याकडे धाकट्याची बायको जेठाशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, तोंडानं बोलत नाही. काही सांगायचं असेल तर मधल्या माणसाला सांगते, "अण्णांना म्हणावं, जेवायला या." मधे कोणीच नसेल तर दाराच्या चौकटीकडे पाहून बोलते, आणि जेठ दुसरीकडे पाहून उत्तर देतो. नव्या पोरींना हे हसण्यासारखं वाटतं. आम्हाला यात काही वावगं वाटायचं नाही.

बंडीचं तिनं लग्नानंतर विचारलं असणार. मधूनं तिला सांगितलं होतं, लहानपणी झाडावरून पडलो, बरगड्या कच्च्या आहेत, दादा आधाराला शिवून देतो. तिनं मानलं. मधू देडतलाईच्या शाळेत मास्तर होता. सकाळच्या बसनं जायचा, संध्याकाळी बसमधून उतरला की आधी दुकानात यायचा. मागच्या बोळात बंडी बदलायचा, घामेजलेली धुवून तिथंच टाकायचा, मग घरी. नवऱ्याची बंडी कधी तिच्या हाती धुवायला गेलीच नाही. ती व्यवस्था माझी होती.

*

एप्रिलचा महिना होता. मधू चव्वेचाळीसचा. संध्याकाळी बोळातून त्यानं हाक मारली.

"दादा, इकडे ये जरा. हे बघ."

बंडीच्या आतल्या बाजूला, डावीकडे, तपकिरी लाल डाग. रुपयाएवढा.

मी बंडी उजेडात धरली. डाग कुठं आहे ते पाहिलं. अस्तराची कड तिथून जात होती. म्हटलं, "शिवण घासतेय. कड फिरवतो."

"आत पण काहीतरी लागतंय रे. बोराच्या बीसारखं."

"ते तर पहिल्यापासून आहे तुला."

"हे वेगळं वाटतंय. एकाच बाजूला आहे."

मी बोट लावून पाहिलं. लागलं. जुनी चकती रबरासारखी होती, दाबली की सरकायची. हे सरकत नव्हतं. चाळीस वर्षं कापड हातात घेतलेल्या माणसाला दोन जिनसांतला फरक बोटाला कळतो. मला कळला. म्हणजे मी तेव्हा मूर्ख नव्हतो, हे इथं लिहून ठेवतो.

"डॉक्टरला दाखवू का?" त्यानं विचारलं.

आमच्या आळीतला डॉक्टर माझा गिऱ्हाईक. त्याच्या ओट्यावर सकाळ-संध्याकाळ दहा माणसं बसलेली. मधूला तिथं सदरा काढावा लागला असता, ती बंडी निघाली असती, आणि संध्याकाळपर्यंत सिंधीपुऱ्याला कळलं असतं की मास्तरच्या सदऱ्याखाली तीस वर्षं काय होतं आणि ते कोणी शिवलं. मी एवढंच म्हणालो, "थांब थोडा. उन्हाळा उतरू दे. गावभर करून काय मिळणार?"

"हां, ते पण आहे," मधू म्हणाला. त्याला माझ्या तोंडून हेच ऐकायचं होतं, असं मी पुढं कैक वर्षं स्वतःला सांगितलं.

मी नवी बंडी शिवली. आत मऊ फलाटीन लावलं, डावीकडे दोन पदर जास्त. जुनी डागाळलेली बंडी मी फाडून मशीन पुसायला घेतली. नव्या बंडीवर आठवड्यात डाग आला. मी तिसरी शिवली.

*

पावसाळ्यात एक दिवस दुपारी शालिनी दुकानावर आली. माझी बायको प्रमिला वर झोपली होती. मी मशीनवर होतो. शालिनी आतल्या दारात चौकटीआड उभी राहिली. पदराची कड आणि बांगड्यांचा हात दिसत होता, बाकी काही नाही.

चौकटीला म्हणाली, "अण्णांना विचारायचं होतं. यांना छातीत काही होतंय का? डाव्या कुशीवर वळले की कण्हतात. मी विचारलं तर अंगावर येतात."

मी मशीन थांबवलं नाही. "काही नाही," म्हटलं. "बंडीची शिवण टोचत असेल. नवी करून देतो म्हणावं."

"डॉक्टरला..."

"मी बघतो ना."

 मग बांगड्या वाजल्या आणि ती गेली. त्या वेळी तिसरी बंडी माझ्या टेबलाखालच्या गठ्ठ्यात होती, डागासकट. तिच्यापासून चार हातांवर.

*

पुढच्या फाल्गुनात मधूला शाळेत फळ्यावर लिहिता येईना. हात खांद्याच्या वर जाईना. पोरं म्हणाली, सर, तुमची अक्षरं खाली खाली येतायत. बरोबरच्या मास्तरनं मोटारसायकलवर घालून देडतलाईतल्याच एका डॉक्टरकडे नेलं. तिथं डॉक्टरनं बंडीचे बंद कात्रीनं कापले, पाहिलं, काखेत हात घालून पाहिलं, आणि चिठ्ठी लिहून दिली, उद्याच्या उद्या इंदूर.

म्हणजे डाग दिसल्यापासून अकरा महिने गेले होते.

इंदूरला आम्ही चौघं गेलो. मधू, शालिनी, त्यांची मुलगी वैशाली आणि मी. वैशाली तेव्हा बारावीत होती. तपासण्या झाल्या, तुकडा काढला. निदान सांगायच्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलासमोर दोनच खुर्च्या होत्या. मधू आणि शालिनी बसले. मी फाईल धरून मागं उभा, शेजारी वैशाली.

डॉक्टर हिंदीत बोलत होते. कॅन्सर आहे, छातीचा, काखेत गेलाय. मधू म्हणाला, "सर, मैं तो आदमी हूँ." डॉक्टर शांतपणे म्हणाले, पुरुषांनाही होतो, कमी होतो पण होतो, आणि उशिरा कळतो, कारण कोणी तिकडे पाहतच नाही.

मग त्यांनी विचारलं, "इतने महीने से डिस्चार्ज था. घर में किसी ने नहीं देखा? वाइफ ने भी नहीं?"

खोलीतल्या सगळ्यांनी शालिनीकडे पाहिलं. डॉक्टर, नर्स, मधू, वैशाली. मीही पाहिलं. हे मी विसरू शकत नाही. मीही मान वळवून तिच्याकडे पाहिलं, जणू काय उत्तर तिच्याकडे होतं.

शालिनी म्हणाली, "नहीं."

बाहेर व्हरांड्यात वैशाली आईला म्हणाली, "एका घरात राहत होतीस ना गं तू त्यांच्यासोबत?"

*

दवाखान्याचे दिवस सगळे सारखे. पहाटे झाडू, मग चहाची किटली, मग मोठे डॉक्टर आणि त्यांच्यामागं शिकाऊ पोरांची रांग. मधू पुरुषांच्या वॉर्डात होता. शिकाऊ डॉक्टर त्याच्याकडे जरा जास्त वेळ थांबायचे, कारण त्यांनी असा पेशंट पुस्तकातच पाहिला होता. पहिल्यांदा मधू चादर गळ्यापर्यंत ओढायचा. नंतर सोडून दिलं.

डावी बाजू पूर्ण काढली. पट्टी सैल झाल्यावर एका दुपारी तो पलंगावर उघडा बसला होता. वर पंखा फिरत होता. मी डबा घेऊन आलो तर डोळे मिटून बसलेला.

"काय रे, दुखतंय का?"

"नाही. वारा लागतोय." मग म्हणाला, "दादा, अंगाला वारा कसा लागतो ते विसरलोच होतो मी."

मी डबा उघडायला लागलो. झाकण निघेना.

नंतर तो चेष्टा पण करायचा. "दादा, आता एकाच बाजूची बंडी शिव. कापड वाचव." वॉर्डातला शेजारचा पेशंट हसायचा, त्याला काय कळलं कोणास ठाऊक. मला हसता आलं नाही. मधू म्हणायचा, "काय यार, तू तर माझ्यापेक्षा जास्त आजारी दिसतोस."

केमोच्या दिवसांत शालिनीनं त्याला सांभाळलं. उलट्या, तोंडातले फोड, गळलेले केस उशीवरून वेचणं. मी बसनं यायचो, जायचो. मी आलो की ती स्टुलावरून उठून पदर घेऊन खिडकीकडे तोंड करून उभी राहायची. मी बसेपर्यंत. आजारपणातही हे सुटलं नाही. एखाद्या दिवशी मी म्हणू शकलो असतो, बस गं, राहू दे ते. कधी म्हणालो नाही.

चौदा महिन्यांत आजार हाडांत गेला. शेवटी घरी आणला. एक दिवस खोलीत आम्ही दोघंच होतो. मधू म्हणाला, "शालूला डागाचं सांगू नको. मी तुला दाखवलं आणि तिला नाही दाखवलं, तिला लागेल ते."

मी मान हलवली. या एका वाक्यामागं मी पुढं वीस वर्षं लपून बसलो. त्याला तिचं मन राखायचं होतं. मी माझं तोंड राखलं.

*

तेराव्याला पंगत उठल्यावर बायका माजघरात बसल्या होत्या. मी बाहेर सतरंज्या गुंडाळत होतो. आमची आत्या मोठ्यानं बोलायची, बहिरी होती.

"नवऱ्याचं अंग बायकोला ठाऊक नसेल तर कोणाला गं असेल? वर्षभर रक्त येत होतं म्हणे. ही काय झोपली होती?"

कोणीतरी म्हणालं, "जाऊ द्या आत्या."

"का जाऊ द्या? माझा पोरगा गेला. हिनं सदरे तरी धुतले की नाही?"

प्रमिला, माझी बायको, हळूच म्हणाली, "आत्या, लक्ष नसेल गेलं तिचं." तिलाही काही माहीत नव्हतं. तिला वाटलं ती बाजू घेतेय.

 शालिनी म्हणू शकली असती, मी अण्णांना विचारलं होतं, पावसाळ्यातच विचारलं होतं. पण चार माणसांत जेठाचं नाव घेऊन त्याच्यावर बोट ठेवायचं नसतं, हे तिला शिकवलेलं होतं. तिनं ते पाळलं. मी सतरंजी गुंडाळली, पुन्हा उलगडली आणि पुन्हा गुंडाळली.

ते वाक्य घरात राहिलं. लग्नाकार्यात कोणी ना कोणी कुजबुजायचं, हिलाच कळलं नाही म्हणे. शालिनीनं हसणं सोडलं असं मी म्हणणार नाही, मला माहीत नाही, मी तिच्यासमोर कमी जायला लागलो होतो. पुढं वैशालीचं लग्न जळगावला झालं आणि तिनं आईला आपल्याकडे नेलं. नेलं, सांभाळलं, पण ती आईशी कामापुरतं बोलायची. प्रमिला एकदा जाऊन आली तेव्हा म्हणाली, "पोरीच्या मनात अढी आहे हो अजून." मी मशीन सुरू केलं.

*

आता माझं. दोन वर्षांपूर्वी पायावर सूज आली, दम लागायला लागला. हृदयाच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. चार-पाच महिन्यांनी सदरा घासला की उजव्या बोंडाला कळ यायला लागली. मग डाव्या. आरशात पाहिलं. राजघाटावरचा मधू दिसला.

मी त्या दिवशी काय केलं असेल? ज्यानं हे सगळं डोळ्यांनी पाहिलं, भावाला खांदा दिला, त्यानं काय करावं? मी खाली गेलो, मांजरपाट काढला आणि कापायला बसलो. बंडी, स्वतःच्या मापाची. हात आपोआप चालले.

प्रमिला जिना उतरून आली. "कोणाची शिवताय?"

"गिऱ्हाईकाची."

"गिऱ्हाईक कोण?"

मी कात्री चालवत राहिलो. तिनं कापडाचं माप पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. ती शिंप्याची बायको आहे. तिनं माझ्या हातातली कात्री काढून घेतली आणि म्हणाली, "सदरा घाला बाहेरचा. आत्ताच्या आत्ता निघायचं."

तपासणीला गेलो ती खोली बायकांची. बाकावर सगळ्या बायका, त्यांत मी एकटा म्हातारा. आतून मुलगी आली, प्रमिलाला म्हणाली, "आंटी, आप आइए."

"पेशंट मी नाही, हे आहेत," प्रमिला म्हणाली.

बाकावरच्या बायकांनी वर पाहिलं आणि लगेच नजर वळवली. एका बाईनं मात्र सरकून मला जागा केली आणि म्हणाली, "बसा काका, गर्दी आहे आज." एवढंच. त्या सबंध आजारात मला सगळ्यांत बरं वाटलं ते त्या वाक्यानं.

रिपोर्टपर्यंतचे तीन दिवस मी जेवलो नाही. मला मरणाची भीती वाटत होती, हे खरं. पण त्याहून जास्त वाटत होतं की हे झालं तर बरोबर होईल. हिशेब जुळेल. प्रमिलाला हे सांगितलं नाही.

रिपोर्ट आला. डॉक्टरांनी कागद फिरवून मला दाखवला. कॅन्सर नाही. याला गायनेकोमॅस्टिया म्हणतात, पुरुषांच्या छातीतल्या ग्रंथी वाढतात, तुमच्या बाबतीत एका गोळीमुळे झालंय. हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ती बदलू, तुम्ही आपल्या मनानं बंद करू नका. मी नाव कागदावर लिहून घेतलं.

मग मी विचारलं. पंधरा वर्षांच्या पोराला झालं तर? डॉक्टर म्हणाले, त्या वयात कितीतरी पोरांना होतं. बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं. नाही गेलं तर औषध आहे, छोटं ऑपरेशन आहे, दोन दिवसांत पोरगा घरी. एकाच बाजूला कडक, न हलणारी गाठ लागली, बोंडातून पाणी किंवा रक्त आलं, तर मात्र एक दिवस थांबायचं नाही.

"और बाँध के रखें तो?"

"बाँधने से होता भी नहीं, जाता भी नहीं, काका. बस छुपता है."

गोळी बदलली. सहा महिन्यांत माझी छाती उतरली, दुखणं गेलं. इतकं सोपं. प्रमिला देवापुढं साखर ठेवत होती आणि मी बाहेर ओट्यावर बसलो होतो. मला बरं झाल्याचा आनंद एक दिवसही झाला नाही. आजही नाही. सकाळी उठतो, छातीवरून हात फिरवतो, सपाट आहे, आणि दिवस सुरू होण्याआधीच संपतो.

हे वाचणाऱ्या पुरुषानं आणि पोराच्या बापानं एवढं करावं. सदरा काढून दाखवावं. लोक हसतात, मग घरी जाऊन जेवतात आणि विसरतात. आणि वैशाली, हे तू वाचत असशील तर, तुझी आई झोपली नव्हती. तिला काहीतरी जाणवलं होतं, आणि तिनं विचारलं होतं. ज्याला विचारलं, त्यानं तिला परत पाठवलं.

*

बरा झाल्यावर मी एकटाच जळगावला गेलो. गाडीत सगळं वाक्य मनात बसवत होतो. बऱ्हाणपूर ते भुसावळ एक तऱ्हेनं, भुसावळनंतर दुसऱ्या तऱ्हेनं.

वैशाली आणि जावई कामावर गेले होते. शालिनी एकटी. खूप वाळली होती, चष्मा लागला होता. पदर सवयीनं वर गेला. तिनं वरण-भात वाढला, शेवभाजी केली होती. मी जेवत होतो, ती स्वयंपाकघराच्या दारात उभी. मी घास खाली ठेवला आणि म्हणालो, "शालिनी, मला तुझ्याशी बोलायचंय." आयुष्यात पहिल्यांदा तिला समोरून हाक मारली.

ती दचकली. मग तिनं पदर थोडा मागं घेतला आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

"मलाच बोलायचं होतं अण्णा," ती म्हणाली. "कित्येक वर्षं झाली. मी तुम्हाला त्या दिवशी दुकानात नीट सांगितलंच नाही. एकदा विचारलं आणि परत गेले. तुम्हाला नीट कळलं असतं तर तुम्ही त्यांना त्याच दिवशी उचलून नेलं असतं. तुम्हाला लेकासारखेच होते ते. आत्या बोलल्या ते खरंच होतं. माझ्या हातून राहिलं. मला माफ करा."

तिनं वाकून माझ्या पायाला हात लावला. तिचा हात थंड होता, नुकतीच भांडी धुतली होती.

तोंडात शब्द होते. सगळे होते, जसे गाडीत बसवले होते तसे. मी तिच्या डोक्याकडे पाहिलं, पांढऱ्या केसांकडे, आणि म्हणालो, "जाऊ दे गं. झालं ते झालं."

म्हणजे मी तिला माफ केलं.

ती डोळे पुसत आत गेली आणि भात घेऊन आली. मी तोही खाल्ला. चार महिन्यांनी वैशालीचा फोन आला, आई गेली म्हणून.

जे बोलायला गेलो होतो ते असं होतं: शालिनी, डाग मला त्यानं दाखवला होता. गाठ मी बोटानं पाहिली होती. तू दारात येऊन विचारलंस तेव्हा मला माहीत होतं. तुझ्याकडून काहीच राहिलं नव्हतं. मला माफ कर.